आरएस घेतली, थंड सीट नंतर बसवली

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि काळ्या लेदरच्या सीटवर टेकवत नाही. म्हणून जुनी गाडी पाहताना हवेशीर सीट, म्हणजे आतल्या पंख्यांनी हवा खेळवणारी सीट, हवीच होती.

मन मात्र २०१७च्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसवर, म्हणजे ऑक्टेव्हियाच्या जास्त ताकदीच्या मॉडेलवर होतं. २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क! तिच्यात ही सोय नाही. त्याच पैशात सोय असलेली दुसरी गाडी मिळत होती, पण सर्व्हिसचे कागद अर्धवट. आरएसचे कागद चोख होते. तिच्या सहा गिअरच्या डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, तेही वेळेवर बदललेलं. सीट नंतर बदलता येते, गिअरबॉक्सचा खर्च कंबर मोडतो. आरएसच घेतली.

नागपूरच्या सीटवाल्यानं आधीच सांगितलं, "भाऊ, बाजूची शिलाई मी उसवणार नाही." ते अगदी बरोबर. साइड एअरबॅग तिथूनच फाडून बाहेर येते, म्हणून तो धागा मुद्दाम कच्चा असतो. फक्त मधला पट्टा बदलला: बारीक छिद्रांचं लेदर, खाली जाळी आणि छोटे पंखे. बॅटरीची तार काढून थोडं थांबलो, मगच सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडवला. पंख्यांना वेगळा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) दिला, इग्निशन बंद की पंखे बंद.

सगळं जोडल्यावरही एअरबॅगचा दिवा पेटलेलाच. कनेक्टर पुन्हा नीट दाबून बसवला, स्कॅनरनं गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला. आता भर दुपारी वर्ध्याला जाऊन आलो तरी पाठ कोरडी राहते.