आरव्हीचा फ्रिज गार होईना? या चुका टाळा

आरव्हीतला (म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीतला) फ्रिज गार होईनासा झाला की अनेक जण 'आतला गारवा देणारा गॅस संपला असेल, भरून घेऊ' म्हणतात. पहिली चूक इथेच होते. आरव्हीत बहुधा असतो तो ॲब्सॉर्प्शन, म्हणजे उष्णतेवर चालणारा फ्रिज, आणि त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच पोलादी नळ्यांत बंद केलेले असतात आणि एलपीजीच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटिंग एलिमेंटने मिळणाऱ्या उष्णतेवर सगळं चक्र फिरतं. १९२२ मध्ये स्वीडनच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधलेली ही रचना आजही तशीच आहे.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती गाडी तिरकी लावून फ्रिज चालू ठेवल्याने वाया गेलेल्या कूलिंग युनिटची, म्हणजे मागच्या त्या बंद नळ्यांच्या संचाची. आत पंप नाही, त्यामुळे द्रव परत येतो तो निव्वळ उताराने. गाडी तासन्‌तास कलती राहिली की तो वाटेतच अडतो, बॉयलर (नळ्यांचा उष्णता मिळणारा भाग) कोरडा तापतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट अरुंद नळीत जमून बसतं. असं वारंवार झालं की नळी कायमची तुंबते. धावत्या गाडीत द्रव हलत राहतो, म्हणून तिथे हा धोका कमी. मुक्कामी मात्र फ्रीजरमध्ये पाणसळ ठेवून बघाच. चाकांखाली ठोकळे घालूनही गाडी सपाट होत नसेल तर फ्रिज बंद ठेवा.

दुसरी घाई म्हणजे कूलिंग युनिट गेलं असं ठरवून टाकणं. आधी फ्रिज फक्त एलपीजी गॅसवर, मग फक्त विजेवर, प्रत्येक वेळी किमान १२ तास चालवा. याला गार व्हायला वेळ लागतोच. विजेवर गार होतो आणि गॅसवर नाही, तर युनिट ठीक आहे, दोष बर्नरकडे. ज्योत निळी हवी. ती पिवळी असेल तर काजळी किंवा कोळ्याचं जाळं शोधा. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटच्या छिद्रात सुई मात्र घालू नका, छिद्र मोठं झालं तर ज्योतच बिघडते. उलट गॅसवर चालतो, विजेवर नाही, तर एलिमेंट किंवा फ्यूज तपासा. दोन्हींवर फ्रिज सुरूच होत नसेल तर आधी बॅटरी बघा, कारण बहुतेक फ्रिजमध्ये कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतात, गॅसवर चालवतानाही.

गाडीच्या बाजूची आणि छतावरची जाळी झाकू नका. मागची गरम हवा बाहेर पडली नाही तर चांगलं युनिटही हतबल होतं. आत पदार्थ कोंबू नका, आणि ते शक्यतो आधीच गार करून मग आत ठेवा.

अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली, तर नळी फुटली आहे. गॅस आणि वीज दोन्ही लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. आतला हायड्रोजन पेट घेतो, म्हणून 'एकदा चालवून बघू' हा मोह नको. युनिट बदलेपर्यंत तो फ्रिज पुन्हा सुरू करायचा नाही.