थंडीत स्विमिंग पूल बंद ठेवताना पाणी काढू नका

डिसेंबरात ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे पूल ओस पडतात. मग कमिटीत कुणीतरी सुचवतं, "पाणी काढून टाकू, लाइट बिल वाचेल." कृपया तसं करू नका. खाडीलगत, भरावाच्या जमिनीवर भूजल फार खोल नसतं. पूल रिकामा झाला की खालून पाण्याचा दाब येतो, तळाला तडे जातात, टाइल्स सुटतात. बर्फ पडणाऱ्या देशांत पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथे ते काढतात. आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

पाणी भरलेलंच ठेवा. आधी भिंती ब्रशने घासा, विशेषतः शिडीच्या मागचा कोपरा आणि पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा. शेवाळ तिथूनच सुरू होतं. मग फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुणं. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ ते ७.६ मध्ये आणा आणि त्यानंतरच क्लोरीन, तेही सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात ते भराभर उडून जातं. क्लोरीनची पावडर बादलीभर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही. ॲसिडजवळ तर ती ठेवूसुद्धा नका, विषारी वायू होतो.

पंप रोज काही तास चालू हवाच. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. ताडपत्री टाकली तर तिच्यावर साचणारं पाणीही काढत राहा. शिवाय तिच्यावर मूल चढलं तर ते ताडपत्रीसकट खाली जाईल. गेटला कुलूप हवंच.