एमिनेमच्या गाण्यांचा सातबारा कसा वाचायचा

राजेहो, आधी पैजेचं सांगतो, कारण तिथूनच हे सगळं सुरू झालं. आमचं गाव दारव्ह्याकडचं, यवतमाळ जिल्हा. पावसाची झड लागलेली, फवारणी बंद, लाइन गेलेली, सगळे पोट्टे टपरीवर. माझा चुलतभाऊ म्हणे, अमेरिकन रॅपर एमिनेमचे १२ स्टुडिओ अल्बम अन् अमेरिकेत ११ एक नंबर, म्हणजे पहिला तेवढा पडला, बाकी सगळे एक नंबर. मी म्हटलं हाव ना, बरोब्बर. तर कोपऱ्यात बसलेलं अकरावीतलं पोट्टं म्हणते, "नाही भाऊ, दोन पडले, लावा पैज." लावली. सहा प्लेट आलूबोंडे गेले माझे.

आता गंमत पाहा, १२ आकडा खरा आहे आणि ११ पण खरा आहे, तरी आम्ही चुकलो. ते कसं ते खाली येतेच. त्या दिवशी रात्री दोनशे पानी रजिस्टर काढलं आणि एमिनेमचा पूर्ण हिशोब मांडायला बसलो, आता ज्याला कोणत्याही अमेरिकन रॅपरचा असा हिशोब मांडायचा असेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. मी एमिनेमच घेतो कारण त्याची कारकीर्द एवढी लांब आहे की चार्टचे, म्हणजे कोणतं गाणं अन् कोणता अल्बम कितव्या नंबरवर ते सांगणाऱ्या आठवड्याच्या यादीचे, सगळे नियम त्याच्या डोळ्यांसमोर बदलले.

सगळ्यात आधी खातं ठरवा. सातबाऱ्यावर जसं स्वतःचं खातं वेगळं आणि सामाईक खातं वेगळं तसंच इथं आहे, आणि निम्मी भांडणं इथंच होतात. रजिस्टरचं एक पान फक्त स्टुडिओ अल्बमचं ठेवा: इन्फिनिट (१९९६), द स्लिम शेडी एलपी (१९९९), द मार्शल मॅथर्स एलपी (२०००), द एमिनेम शो (२००२), एन्कोर (२००४), रिलॅप्स (२००९), रिकव्हरी (२०१०), द मार्शल मॅथर्स एलपी २ (२०१३), रिव्हायव्हल (२०१७), कामिकाझी (२०१८), म्युझिक टू बी मर्डर्ड बाय (२०२०) आणि द डेथ ऑफ स्लिम शेडी (२०२४). झाले १२. आता दुसऱ्या पानावर कर्टन कॉल लिहा, २००५ चा, तो स्टुडिओ अल्बम नाही, जुन्या हिट गाण्यांचा संग्रह आहे, पण तो पण एक नंबरला गेला आणि हे चार्ट काढणाऱ्या अमेरिकन नियतकालिकाच्या, बिलबोर्डच्या, ११ मध्ये तो धरलेला आहे. म्हणजे स्टुडिओवाले १० आणि संग्रह १. बारातून दहा गेले, राहिले दोन: इन्फिनिट, जो डेट्रॉइटमध्ये हाताहातानं विकला आणि चार्टवर आलाच नाही, आणि स्लिम शेडी एलपी, जो २ नंबरवर अडकला. पोट्टं बरोबर होतं.

तिसरं पान सामाईक खात्याचं. डी१२ हा त्याचा मित्रांचा ग्रुप, त्यांचे २००१ आणि २००४ चे दोन्ही अल्बम एक नंबर. बॅड मीट्स ईव्हिल ही त्याची आणि रॅपर रॉइस द फाइव्ह नाइनची जोडी, त्यांचा २०११ चा ईपी (अल्बमपेक्षा छोटा) पण एक नंबर. एट माइल पिक्चरचा साउंडट्रॅक पण एक नंबर. पण यातलं काहीच त्याच्या ११ मध्ये नाही. कोणी ११ च्या जागी १५ म्हटलं की समजा त्यानं भावकीची जमीन स्वतःच्या नावावर दाखवली.

मग बाजार पाहा. कापसाचा भाव विचारला तर आपण आधी विचारतो ना, कोणत्या बाजार समितीचा? तसंच. नुसतं "एक नंबर" याला काही अर्थ नाही. अल्बमचा मुख्य अमेरिकन चार्ट म्हणजे बिलबोर्ड २००, गाण्यांचा बिलबोर्ड हॉट १००, जो १९५८ पासून चालू आहे. याशिवाय रॅपचा वेगळा, रेडिओचा वेगळा, विक्रीचा वेगळा, असे ढीगभर चार्ट आहेत, आणि फॅन लोक त्यातला जिथं एक नंबर सापडेल तो उचलून पोस्टरवर टाकतात. रजिस्टरमध्ये चार्टचं नाव लिहिल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही, हा माझा नियम.

याचं सगळ्यात भारी उदाहरण त्याचं स्टॅन हे गाणं. आपल्याकडे ज्याला एमिनेम माहीत त्याला स्टॅन माहीत, म्हणून वाटते की हे तर अमेरिकेत धिंगाणा घालून गेलं असेल. हॉट १०० वर ते ५१ च्या वर गेलंच नाही! आणि इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० ला एक नंबर. असं काऊन? एक तर अमेरिकेत ते मुख्यतः रेडिओच्या भरवशावर होतं, आणि आपल्या हिरोला पत्रं लिहून लिहून वेडा झालेल्या फॅनची एवढी लांब, काळी गोष्ट दिवसातून दहा वेळा वाजवायला कोणत्या रेडिओवाल्याला परवडते. बरं, हे दोन वर्षं आधी आलं असतं तर ५१ पण मिळाला नसता, कारण डिसेंबर १९९८ पर्यंत जे गाणं दुकानात सिंगल (अल्बमपासून वेगळं, एकटं गाणं) म्हणून विकायला नाही ते हॉट १०० वर येऊच शकत नव्हतं, नुसतं रेडिओवर कितीही वाजो. आणि इंग्लंडमधला एक नंबर पण आठवडाभराचाच, पुढच्याच आठवड्यात लहान पोरांच्या बॉब द बिल्डर कार्टूनच्या गाण्यानं त्याला खाली ओढलं. स्टॅनला बॉब द बिल्डरनं पाडलं, हे मी टपरीवर सांगितलं तर अजून कोणी विश्वास ठेवून नाही राहिलं.

तुम्ही आम्ही रात्रभर फोनवर एमिनेम लावला तरी हॉट १०० वर एका दाण्याचा फरक पडत नाही बरं. तिथं फक्त अमेरिकेतलं ऐकणं, अमेरिकेतला रेडिओ आणि अमेरिकेतली विक्री मोजतात. आपलं ऐकणं धरायला बिलबोर्डनं सप्टेंबर २०२० मध्ये ग्लोबल २०० चालू केला, तो वेगळा कॉलम.

तारखेचा घोळ भल्ला मोठा आहे, इथं नीट बसा. आजकाल चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. डेथ ऑफ स्लिम शेडी आला १२ जुलै २०२४ ला, शुक्रवारी. मोजणी १८ जुलैला गुरुवारी बंद. वरचे दहा रविवारी जाहीर होतात, पूर्ण चार्ट मंगळवारी, तिकडचा मंगळवार म्हणजे आपल्याकडे रात्र, आणि त्या चार्टवर तारीख छापलेली असते पुढच्या शनिवारची, २७ जुलै. म्हणजे एकाच गोष्टीच्या पाच तारखा, आणि नेटवर पाच जण पाच लिहितात अन् पाचही खरे. मी रजिस्टरमध्ये रिलीजची तारीख आणि चार्टवर छापलेली तारीख, दोनच ठेवतो.

पण जुन्या काळात आठवडा असा नव्हता, आणि तिथं मोठी फसगत होते. द एमिनेम शो २००२ मध्ये यायच्या आधीच चोरीच्या कॉप्या रस्त्यावर फिरून राहिल्या होत्या, म्हणून कंपनीनं तारीख अलीकडे ओढली आणि बऱ्याच दुकानदारांनी २६ मेच्या रविवारीच माल बाहेर काढला. तेव्हा मोजणीचा आठवडा रविवारी संपायचा. म्हणजे चार्टच्या हिशोबात "पहिला आठवडा" म्हणजे जेमतेम एक दिवस! त्या एका दिवसात पावणेतीन लाखांच्या वर कॉप्या आणि एक नंबर. पुढच्या पूर्ण आठवड्यात १३ लाखांच्या वर. आता कोणी फक्त "पहिल्या आठवड्याची विक्री" असा कॉलम करून याला मार्शल मॅथर्स एलपीच्या शेजारी ठेवलं, ज्यानं २००० साली पहिल्याच आठवड्यात साडेसतरा लाखांच्या वर विकल्या, तर वाटेल पोरगं एकदम आपटलं. आपटलं नव्हतं, शनिवारी संध्याकाळी काटा बंद व्हायच्या टायमाला गाडी आली होती एवढंच.

आता आकड्याचं वजन, माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोन ओळी शेजारी लिहा. स्लिम शेडी एलपी, १९९९, पहिला आठवडा साधारण २ लाख ८३ हजार, नंबर २. डेथ ऑफ स्लिम शेडी, २०२४, पहिला आठवडा साधारण २ लाख ८१ हजार, नंबर १. जास्तवाला दोन नंबर आणि कमीवाला एक नंबर, काय भानगड? एक म्हणजे आवक. १९९९ मध्ये त्याच दिवशी टीएलसी या पोरींच्या ग्रुपचा फॅनमेल अल्बम बाजारात उतरला होता आणि त्यानं तीन लाख ओलांडले. २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचा अल्बम ओळीनं १२ आठवडे वर बसलेला होता, पण त्याचा जोर तोपर्यंत ओसरला होता. भाव नुसता तुमच्या कापसावर थोडीच ठरते, त्या दिवशी यार्डात अजून किती गाड्या उभ्या आहेत त्यावर ठरते.

आणि दुसरं म्हणजे तो २ लाख ८१ हजार आकडा कॉप्यांचा नाहीच, युनिटचा आहे. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड २०० मध्ये स्ट्रीमिंग, म्हणजे नेटवरून ऐकणं, धरतात. सुरुवातीला १५०० वेळा गाणं ऐकलं की एक अल्बम विकला असं धरायचे, किंवा १० गाणी डाउनलोड झाली की एक. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १२५० आणि जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांचे ३७५०, असं वेगवेगळं माप केलं. हे माप अधूनमधून बदलत राहते म्हणून ज्या वर्षाचा अल्बम त्या वर्षाचं माप पाहायचं. डेथ ऑफ स्लिम शेडीच्या युनिटमधले निम्म्याहून जास्त असे ऐकण्यातून आलेले आहेत. १९९९ चे २ लाख ८३ हजार म्हणजे तेवढ्या लोकांनी दुकानात जाऊन खिशातून पैसे काढले. एक ओला कापूस, एक वाळलेला, दोन्ही क्विंटलच पण. माझ्या रजिस्टरमध्ये २०१४ च्या आधीचं काळ्या पेननं आणि नंतरचं निळ्या पेननं, आणि काळ्याची निळ्याशी तुलना करत नाही म्हणजे नाही.

गाण्यांच्या पानावर दोन कॉलम पाहिजेतच, पीक म्हणजे सगळ्यात वर कुठवर गेलं, आणि तिथं किती आठवडे टिकलं. बाजारभावाच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतात, आणि कमाल दर एखाद्याच ढिगाला मिळालेला असतो हे आपल्याला माहीत आहे, पीक हा तो कमाल दर. त्याची हॉट १०० वर एक नंबरची गाणी पाच आहेत: लूज युवरसेल्फ, क्रॅक अ बॉटल, नॉट अफ्रेड, लव्ह द वे यू लाय, द मॉन्स्टर. पीकच्या कॉलममध्ये पाचही सारखे, सगळ्यांपुढे १. पण लूज युवरसेल्फ १२ आठवडे तिथं बसलं (आणि २००३ मध्ये ऑस्कर घेऊन आलं, रॅप गाण्याला पहिल्यांदा), लव्ह द वे यू लाय ७ आठवडे, मॉन्स्टर ४, आणि नॉट अफ्रेड थेट एक नंबरवर उतरलं आणि पुढच्या आठवड्यात गेलं. क्रॅक अ बॉटल तर २००९ मध्ये ७८ वरून एका उडीत १ वर आलं, कारण त्या आठवड्यात त्याचं डाउनलोड विक्रीला निघालं आणि २००५ पासून डाउनलोड हॉट १०० मध्ये धरायला लागले होते. ते पण एकच आठवडा टिकलं. उडी मोठी दिसली की आधी विचारायचं, गाणं आवडलं का दुकान उघडलं?

डिलक्स प्रकरण, म्हणजे जुन्याच अल्बमला नवीन गाणी जोडून परत काढणं, थोडक्यात. म्युझिक टू बी मर्डर्ड बाय जानेवारी २०२० ला एक नंबर, मग खाली खाली गेला, आणि डिसेंबरात साइड बी नावानं नवीन गाणी जोडली तसा तोच अल्बम तळातून परत ३ नंबरवर. त्याला नवीन ओळ नाही द्यायची, जुन्याच ओळीत शेरा.

राहिलं गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. हे चार्ट नाही, हे आरआयएए या तिकडच्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे. आपल्या आकड्यात ५ लाख म्हणजे गोल्ड, १० लाख प्लॅटिनम, १ कोटी डायमंड. हे आपोआप मिळत नाही, कंपनीनं अर्ज करायचा, हिशोब तपासून घ्यायचा, फी भरायची, मग नोंद. अगदी वारस फेरफारासारखं. बाप जाऊन दहा वर्षं झाली तरी अर्ज केला नाही तर उताऱ्यावर बापाचंच नाव, तशी एखाद्या जुन्या रॅपरची गाणी कितीतरी विकलेली असून सर्टिफिकेट जुनंच राहते, कारण कंपनीनं कागद फिरवला नाही. म्हणून सर्टिफिकेटसमोर नोंदीची तारीख लिहायची, ती आरआयएएच्या साइटवर फुकट सापडते. मार्शल मॅथर्स एलपी आणि एमिनेम शो दोन्ही डायमंड आहेत. सर्टिफिकेटमध्ये पण स्ट्रीमिंग धरतात, गाण्याचे १५० वेळा ऐकणे म्हणजे एक युनिट, २०१६ पासून अल्बमला १५००.

कामाचं म्हणाल तर मंगळवारी रात्री जेवण झालं की पाण्याच्या टाकीजवळ जा, रेंज तिथंच येते, बिलबोर्डच्या साइटवर सगळं फुकट नाही पण वरचं दिसते, इंग्लंडची ऑफिशियल चार्ट्सची साइट मात्र मोकळी आहे आणि कलाकाराचं नाव टाकलं की एका पानावर सगळा उतारा. नोंद पेननं करा, फोनमध्ये नको, माझी पहिली यादी फोनसोबतच धुऱ्यावरच्या नालीत गेली.

एवढं झालं की दुसरा रॅपर टूपॅक, त्याचा ऑल आयझ ऑन मी, १९९६ चा, करून पाहा. तो डायमंड आहे, म्हणजे १ कोटी. पण तो दोन डिस्कचा लांब अल्बम आहे आणि आरआयएए अशा लांब डबल अल्बमची प्रत्येक डिस्क वेगळी धरते. आता सांगा, लोकांनी दुकानातून नेलेली पाकिटं किती? मी हे त्या अकरावीवाल्याला विचारलं, यावेळी पैज मी लावली, पोट्टं लगेच म्हणे १ कोटी. दोन प्लेट परत आल्या, अजून चार बाकी आहेत.