पपईला घाबरता आणि चहाला सूट देता? गरोदरपणातल्या खाण्याच्या या चुका टाळा

दिवस राहिल्याचं कळलं की घरात पहिली बंदी येते ती पपईवर. मग अननस, तीळ, वांगं... 'गरम पडतं' म्हणत यादी लांबत जाते. पिकलेल्या पपईची फोड खुशाल खा. टाळायची ती कच्ची पपई. तिच्या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

माझा वैताग वेगळाच आहे. पपईकडे न बघणारी बाई रक्तवाढीची लाल गोळी मात्र चहाच्या घोटाबरोबर गिळते. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलंच जात नाही.

आमच्या ओपीडीत सातव्या महिन्यातली एक मुलगी यायची. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, आठवर अडलेलं. गोळ्या नियमित, स्ट्रिपा रिकाम्या. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, रक्तवाढीचं सलाईनच लावून टाका ना." सगळ्यांना सलाईनचीच घाई! मी मुलीला म्हटलं, उठल्यापासून काय काय करतेस ते क्रमाने सांग. "उठते, चहा-बिस्किट घेते, त्याच्यासोबत लाल गोळी. विसरायला नको म्हणून कॅल्शियमची पण तेव्हाच." कॅल्शियमही लोहाला अडवतं. म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम आणि वरून चहा, तोही सासूबाईंनी प्रेमाने हातात आणून दिलेला.

औषध तेच ठेवलं, फक्त वेळा बदलल्या. कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर. लाल गोळी रात्री जेवून तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. रात्रीचं केशर-दूध संध्याकाळवर ढकललं (केशराने बाळ गोरं होत नाही, पण तो वाद मी आता घालत नाही). पुढच्या तपासणीला एचबी वर सरकलं होतं. सलाईन कधी लागतंही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी तर लाल गोळ्यांची स्ट्रिप टूथब्रशशेजारी ठेवायला सांगते, म्हणजे रात्री दात घासताना ती आठवते आणि चहाच्या वाटेला जात नाही. चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन-तीन लहान कप, बस्स. कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत राहिलेलं बरं.

दुसरी चूक, पाणीपुरी. चव सुटत नसेल तर घरी उकळलेल्या पाण्यात करा. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई कावीळ एरवी बहुतेकांना बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. 'आम्ही नेहमी तिथेच खातो' हे मला सांगू नका.

बाकीचं पटापट. दूध कच्चं नको, उकळूनच. हाफ फ्राय अंडं नको. कच्चे मोड नकोत, उसळ करा. मोरी (शार्क) मासा पाऱ्यामुळे टाळा. बांगडा, तारली उत्तम. कलेजीत अ जीवनसत्त्व फार, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत नकोच. दारूला सुरक्षित माप नाही. मिश्री ही तंबाखूच आहे, 'फक्त दात घासते' म्हटलं तरी. आणि दोघांचं खायचं म्हणून ताट दुप्पट भरू नका, रोज साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात.

भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. लाजू नका, डॉक्टरांना सांगा आणि एचबी तपासून घ्या. रक्त कमी असलं की अशी इच्छा होऊ शकते.