स्पोर्ट्स कार एक्स्चेंजला द्यावी की स्वतः विकावी?

शोरूममधला माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, किलोमीटर बघतो, मोबाइलमध्ये मॉडेल आणि वर्ष टाकतो आणि आकडा सांगतो. साध्या हॅचबॅकला हे चालून जातं. पण स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 घ्या, म्हणजे नेहमीच्या ऑक्टाव्हियाचा जास्त ताकदीचा स्पोर्ट्स अवतार. 2020 मध्ये भारतासाठी अशा फक्त 200 गाड्या होत्या. ती शोधणाऱ्याला ती नेमकी काय आहे हे माहीत असतं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्याची तयारी असते. एक्स्चेंजच्या काउंटरवर मात्र ती बऱ्याचदा ‘जुनी ऑक्टाव्हिया, पेट्रोल’ एवढीच उरते. निर्णय घेताना म्हणूनच आधी विचारा: माझ्या गाडीची खरी किंमत समोरच्याला दिसते आहे का?

आधी एक्स्चेंजचा खरा आकडा काढा

निदान तीन ठिकाणांहून लेखी ऑफर घ्या. त्यातलं एक जुन्या महागड्या गाड्यांचाच व्यवहार करणारं असू द्या. मग नव्या गाडीची किंमत दोनदा विचारा, एकदा जुनी गाडी देऊन आणि एकदा न देता. जुन्या गाडीला दोन लाख वाढवून दिले आणि नव्यावरची दीड लाखाची सूट काढून घेतली, तर तुम्हाला मिळाले पन्नास हजार. एक्स्चेंज बोनसही याच हिशोबात धरा.

डीलरचा आकडा कमी असणारच, त्यात फसवणूक शोधू नका. गाडी विकेपर्यंत त्याचे पैसे अडकतात, दुरुस्ती त्याच्या माथी येते आणि त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. स्वतःच्या वापरातली गाडी विकणाऱ्या नोकरदाराला हा जीएसटी नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं गणित थोडं वेगळं आहे. टेक्सासमध्ये जुनी गाडी डीलरला दिली की 6.25 टक्के कर फक्त फरकाच्या रकमेवर बसतो. म्हणजे जुन्या गाडीचे 30,000 डॉलर धरले तर 1,875 डॉलर तिथेच वाचतात. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही. आपल्याकडे एक्स्चेंज केलं म्हणून नव्या गाडीचा रोड टॅक्स कमी होत नाही.

मग फरकाला काय काय लागतं ते मांडा

समजा एक्स्चेंजला सगळं धरून 21 लाख मिळतात आणि स्वतः विकली तर 24 लाखांची आशा आहे. तीन लाखांतून टायर किंवा पॉलिशचा खर्च, दोन-तीन महिन्यांचा विमा, कर्ज चालू असेल तर व्याज आणि घासाघिशीत सुटणारे 50-75 हजार वजा करा. हाती दोन लाख उरत असतील तर माझ्या मते स्वतः विकावी. पन्नास हजारच उरत असतील तर एक्स्चेंजला देऊन मोकळं व्हावं.

काही गोष्टी पारडं फिरवतात. पहिला मालक, सगळी सर्व्हिस बिलं, दोन्ही चाव्या आणि मूळ रंग असेल तर शौकीन गिऱ्हाईक शोधाच. इंजिन रीमॅप केलं असेल, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललं असेल, तर ते स्पष्ट सांगा. काढलेले मूळ भाग जपले असतील तर ते परत बसवा, नाहीतर सोबत द्या. मोठा अपघात झाला असेल किंवा गिअरबॉक्सची तक्रार असेल, तर सगळं सांगून डीलरला देणं बरं. जीए पासिंगची, म्हणजे गोव्यात नोंदलेली गाडी पुण्यात विकताना गिऱ्हाईक महाराष्ट्राचा रोड टॅक्स आधीच वजा करून बोलतो, हेही धरून चला.

स्वतः विकणार असाल तर

बँकेचं कर्ज आधी फेडा, बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि कर्ज संपल्याचा फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. थकलेली ई-चलनं भरा. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर पाट्या बसवून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह हा या गाड्यांचा सगळ्यात नाजूक भाग आहे. गाडी आधी तुम्ही चालवा, गिऱ्हाइकाला शेजारी बसवा. लायसन्स बघितल्याशिवाय आणि खरेदीचं बोलणं पुढे गेल्याशिवाय स्टिअरिंग देऊ नका. नुसती चक्कर मारायला येणारे पुष्कळ असतात, आणि सवय नसलेल्या हातात एवढी ताकद धोक्याची असते.

पैसे बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेवढाच दंड होऊ शकतो. रक्कम खात्यात दिसल्यावरच चावी द्या. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना तारीख रिकामी सोडू नका. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही तुमची जबाबदारी आहे.

डीलरला दिली तरी कागद सोडू नका

तो आरटीओकडचा अधिकृत डीलर आहे का ते विचारा. 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद फॉर्म 29सी ने होते, आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. ही नोंद नसेल तर त्याच्या गिऱ्हाइकाने एक्स्प्रेस वेवर केलेल्या वेगाचं चलन तुमच्या नावावर येऊ शकतं.

दोन्ही वाटांनी शेवटी दोन कामं राहतात. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्या, तो नव्या गाडीला तीन वर्षांच्या आत लावता येतो. आणि महिन्याभराने परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा.