टोलीतल्या शेवटच्या नळापर्यंत पाणी कसं न्यायचं, रोमन हिशोबानं

आमच्या गावात टाकी टेकडीवर आणि टोली, म्हणजे खालची छोटी वस्ती, पार खाली नाल्याकाठी. खालच्याला तर धो धो पाणी पाह्यजे ना, पण झालं उलटंच, दर उन्हाळ्यात खालचे जॉइंट फुटून राह्यले आणि मधल्यांनी तोट्या सोडल्या का शेवटच्या पाच-सहा घरच्या बायका गुंड घेऊन बसून. पाइप टाकणारा म्हणे मोटर बसवा. मग मोबाईलवर पाँपेईचं वाचलं, इटलीतलं रोमन शहर, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तवा कळलं का आपलं दुखणं प्रेशरचं आहे.

तिथं टाकीघर सगळ्यात उंच वेशीजवळ, आणि खालच्या वेशीपर्यंत उतार ३० मीटरहून जास्त. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला) धरा, म्हणजे खाली ३ किलो. त्यांचे पाइप शिशाचा पत्रा वळवून जोडलेले, ते उकलणारच. म्हणून त्यांनी चौकाचौकात ६ मीटरच्या आसपास उंच खांब बांधले, वर शिशाची टाकी. पाणी वर चढायचं, टाकीत पडायचं, प्रेशर तिथंच संपलं, मग बारीक नळ्यांनी हौदात अन घरात. हेच आपल्याला करायचं आहे.

आधी लेव्हल काढा, अंदाजानं बिलकुल नाई. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, आत बुडबुडा ठेवू नका, दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि टाकीपासून टोलीपर्यंत टप्प्याटप्प्यानं फरक लिहीत जा. रोमन लोकांकडं यासाठी २० फूट लांब लाकडी घोडी होती, टोकांना ओळंबे, आणि वारा सुटून ओळंबे हालले तर वर खाच होती तिच्यात पाणी ओतून लेव्हल पाहायची. असल्या सामानावर फ्रान्समधल्या नीमला त्यांनी सुमारे ५० किमीवरून पाणी आणलं, एकूण उतार फक्त साडेबारा मीटरच्या आसपास! किलोमीटरला वीतभर म्हणा. आपल्याला पाइपात एवढं बारीक जायची गरज नाई, पण मधात उंचवटा असला तर तिथं हवा धरते, हवा सोडायचा एअर व्हॉल्व्ह टाकाच.

मग उतार तोडा. माझ्या मते १५ मीटर उतरलं का एक स्टँड, त्यावर ५०० लिटरची टाकी. स्टँडची उंची १२-१५ फूट पुरते, फक्त त्याचा माथा वरच्या टाकीच्या बराच खाली राह्यला पाह्यजे, नाईतर पाणी चढतच नाई. पुढची लाइन वरच्या मेनमधून काढू नका, या टाकीतूनच काढा, म्हणजे वरचं प्रेशर खाली जातच नाई आणि चार किलोचा पाइप आरामात निभते. रोमन लोक पाणी रात्रंदिवस वाहू द्यायचे, मे महिन्यात आपल्याला ते परवडते काय, म्हणून प्रत्येक टाकीला चांगल्या प्रेशरचा बॉल कॉक लावा, टाकी भरली का तरंगत्या गोळ्यानं आपोआप बंद होणारी तोटी.

आता खरी गंमत, आणि इथंच सगळे चुकतात. टाकीला भोक कुठं पाडता त्यावर शेवटच्या घराचं नशीब आहे. वित्रूवियस नावाचा रोमन इंजिनियर लिहून गेला का वाटपाच्या हौदात तीन कप्पे करा, बाजूच्या दोन कप्प्यांचं उतू आलेलं पाणी मधल्यात पडलं पाह्यजे, आणि मधला कप्पा सार्वजनिक हौदांचा. आपण हे भोकांच्या उंचीवर करू. खालच्या टोलीकडं जाणारी लाइन तळापासून दोन-तीन इंचावर, आणि त्या स्टँडच्या आठ-दहा घरांचं कनेक्शन वीतभर वर. पाणी कमी पडलं का आधी वरच्या घरांचं बंद, खालच्यांचं चालू. शेवटची टाकी भरून बॉल कॉक बंद झाला का मगच वरची भरते. भांडणं होतील, लय होतील, म्हणून भोकं पाडायच्या आधी सगळ्यांना आखरावर बसवून दाखवा.

राह्यला टिल्लू पंप, नळाला छोटी मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढायचा धंदा. हे काही आपल्याच गावचं नाई भाऊ, इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाण्याचा अधिकारी झालेला फ्रोंटिनस चोरीची कनेक्शनं शोधून शोधून थकला होता. त्यांच्याकडं प्रत्येक कनेक्शनला शिक्का मारलेली काशाची ठरावीक मापाची तोंडी, आणि नियम असा का तोंडीपुढं ५० फूट पाइप त्याच मापाचा, काऊन का पुढं लगेच मोठा पाइप जोडला तर पाणी जास्त ओढलं जाते. आपण सगळ्या घरांना टाकीवरच सारखी अर्ध्या इंची जीआय निपल (लोखंडी नळीचा आखूड तुकडा) लावा, पुढं १५ मीटर पाइप तेवढाच. मोटर लावली तरी टाकीत वीतभर पाणी राह्यलं का हवाच ओढते, टोलीची लाइन काही सापडत नाई त्याला.

टाकीच्या अगदी तळाला धुवायचं वेगळं भोक ठेवा आणि महिन्यातून एकदा सोडा. नीमच्या पाटात चुन्याचा थर साचत साचत जवळपास हातभर झाला होता, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते पाणी तापवायच्या गंजाच्या बुडाला पाहून घ्या.