कारखान्यातल्या अंधारात एफ/१.४

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत रात्री आखणी चालते. मूर्तिकार डोळे रेखत असतो आणि उजेड म्हणजे डोक्यावर लटकलेला एखादा दिवा. अशा ठिकाणी ५० मिमी एफ/१.४ लेन्स फार कामाची (एफपुढचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडते): एफ/२.८ च्या चौपट प्रकाश आत येतो, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४००ऐवजी १६००वर भागतं आणि फोटोत दाणे कमी येतात.

पण खरी अडचण फोकसची. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एक मीटरवरून एफ/१.४ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटर जाडीचा असतो. तुम्ही श्वास घेतलात तरी फोकस सुटतो. म्हणून मधल्या बिंदूवर फोकस धरून मग कॅमेरा वळवू नका. फोकसचा एकच बिंदू निवडा, तो थेट कुंचल्याच्या टोकावर सरकवा, कंटिन्युअस फोकस (कॅमेरा सतत फोकस जुळवत राहतो तो मोड) ठेवा आणि लागोपाठ चार-पाच फ्रेम घ्या. कुंचल्याचं टोक आणि मूर्तीचा डोळा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतील असे उभे राहा, दोन्ही स्पष्ट येतात. मूर्तिकाराचा चेहराही हवा असेल तर दोन पावलं मागे जा आणि एफ/२.८ करा. लेन्स सतत पूर्ण उघडी ठेवण्याचा हट्ट मला पटत नाही.

एलईडीखाली फोटोत पट्टे उमटले तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; या वेगांना प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लुकलुक मावते. १/५०ला हात मात्र हलतो, खांबाला टेका.

फ्लॅश नकोच. आखणीत हात थरथरला तर डोळा बिघडतो. आधी विचारा, मगच कॅमेरा काढा.